जंतूंचे व्हायरस आणि जंतूंचा बंदोबस्त : बडोद्यातून वारंवार येणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात मी जंतूंच्या आजारपणावर तासभर बोलले. तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. बरेचसे व्हॉट्सॲपवर येतात, काही खंडेराव मार्केटात भाजी निवडताना, आणि एक तर चक्क लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढली जात असताना आला. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजी शिकले आणि पुढची बरीच वर्षं औषधांच्या कारखान्यात फर्मेंटरांच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या टाक्यांच्या, सोबतीने काढली. तेव्हा औषधाचा डोस मला विचारू नका, जंतूंबद्दल हवं ते विचारा.

१. जंतूंनाही व्हायरस होतो हे खरं, की तुम्ही आपलं गमतीने म्हणालात?

खरंच होतो. आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण जिवाणू आणि विषाणू हे शब्द लोक खुशाल एकमेकांच्या जागी वापरतात. इथे 'जंतू' म्हणजे बॅक्टेरिया: टायफॉइड, कॉलरा, टीबी करणारे. त्यांच्या आत शिरून त्यांना मारणारा जो व्हायरस, तो बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज. लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना १९१५ मध्ये त्याची चाहूल लागली. १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स द'हेरेल यांना तो आमांशाच्या रुग्णांच्या नमुन्यांत सापडला, आणि नावही त्यांनीच ठेवलं.

फेज जंतूच्या अंगाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि जंतूची सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. अर्ध्याएक तासात जंतू फुटतो आणि शंभरेक नवे फेज बाहेर पडतात. पृथ्वीवर एकावर ३१ शून्यं इतके फेज असावेत असा अंदाज आहे. माणसाच्या पेशीवर त्यांना पकडायला जागाच नसते, त्यामुळे आपल्याला त्यांची लागण होत नाही.

२. इतके मारेकरी मोकाट असताना जंतू उरलेच कसे?

जुन्या वाड्याला कसा दिंडीदरवाजा, मग चौक, मग माजघर, तसा जंतूचाही बंदोबस्त एकाच जागी नसतो. फेजला दारात चिकटू न देणं (प्रश्न ३), आत आलेला डीएनए ओळखून कापणं (५ आणि ६), आणि काहीच जमलं नाही तर सगळा वाडाच पेटवून देणं (९). प्रत्येक बंदोबस्ताला जंतूच्या पदरचं काहीतरी जातं. कधी वाढीचा वेग, कधी रोग करण्याची ताकद, कधी जीवच. 'जंतू रेझिस्टंट झाला', म्हणजे दाद देईनासा झाला, एवढं ऐकून लोक घाबरतात. मी मात्र पुढे विचारते, रेझिस्टंट झाला खरा, पण काय देऊन?

३. दारातच अडवायचं म्हणजे नेमकं काय करतात?

फेजला चिकटायला जंतूच्या पृष्ठभागावरचा ठरावीक रेणू लागतो. एका फेजला एक प्रथिन, दुसऱ्याला साखरेची साखळी, तिसऱ्याला जंतूची शेपटी. जंतू तो रेणू बदलतो, बनवणंच बंद करतो किंवा वर जाड कवच चढवतो. आपल्या इस्पितळांना छळणाऱ्या क्लेब्सिएला नावाच्या जंतूचं कवच असंच बुळबुळीत आणि जाड असतं, आणि पुष्कळ फेज त्याच्यापुढे हात टेकतात.

पण काही फेज कवच विरघळवणारं एन्झाइम सोबतच घेऊन येतात, आणि त्यांना पकडायला ते कवचच लागतं. अशा फेजपासून वाचायचं तर क्लेब्सिएलाला कवच टाकावं लागतं. कवच गेलं की आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला सहज गिळतात. कॉलऱ्याच्या जंतूचंही तसंच. त्याच्या एका मुख्य फेजला पृष्ठभागावरची ओ-वन नावाची साखरेची साखळी लागते. ती टाकली तर फेज टळतो, पण मग आतड्यात पाय रोवता येत नाहीत. दार चिणून घेतलं आणि घरमालकच बाहेर राहिला, असा प्रकार.

४. फेज आला हे बघून जंतू बदलतो का? म्हणजे त्याला कळतं?

दार बदलण्यापुरतं उत्तर आहे: नाही, कळत नाही. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी याचा सोक्षमोक्ष लावला. एकाच जंतूची वाढ पुष्कळ वेगवेगळ्या नळ्यांत केली आणि मग प्रत्येक नळीतले जंतू फेज पसरलेल्या प्लेटवर ओतले. फेज दिसल्यावर जंतू बदलत असते तर प्रत्येक प्लेटवर वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात बऱ्याच प्लेटवर एकही नाही आणि एखाद्या प्लेटवर शेकडो. म्हणजे बदल आधीच, योगायोगाने, झालेला होता. ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्याची पिलावळ मोठी. फेजने फक्त बाकीच्यांना मारून वाचलेल्यांना मोकळं रान दिलं. आकडेमोड सुंदर आहे, पण ती इथे मांडत बसत नाही.

क्रिस्पर नावाची जंतूंची यंत्रणा मात्र या उत्तराला अपवाद आहे. तिथे जंतू खरोखरच फेजची ओळख 'शिकतो'. पुढे ६ पाहा.

५. आत आलेला डीएनए आपला की परका हे जंतू कसं ओळखतो?

टिकली लावून. जंतू आपल्या डीएनएवर ठरावीक ठिकाणी मेथिल नावाचा बारीकसा रासायनिक गट चिकटवून ठेवतो. त्याच ठिकाणी कापणारी कात्रीही त्याच्याकडे असते. टिकली दिसली की कात्री पुढे सरकते, नसली की कापते. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या एका प्रसिद्ध कात्रीला डीएनएची जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं ओळीने लागतात (डीएनएत एकूण अक्षरं चारच). अशी ओळ योगायोगाने सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येते, म्हणजे लाखभर अक्षरांच्या फेजचे तुकडे तुकडे. या कात्र्यांवरच्या कामासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं. याच कात्र्यांनी पुढे जेनेटिक इंजिनिअरिंगचं दुकान उघडलं.

भोक इथेही आहे. क्वचित एखाद्या फेजच्या डीएनएवर कात्री पोचण्याआधी चुकून टिकली लागते. तो वाचतो, आणि त्याची सगळी पिल्लं टिकली लावूनच जन्माला येतात. मग त्या जातीच्या जंतूंत ती बिनधास्त फिरतात. टी-फोर नावाचा फेज तर आपल्या डीएनएतलं एक अक्षरच वेगळ्या रूपात लिहितो आणि वर साखर चढवतो, त्यामुळे बहुतेक कात्र्यांना पकडायला जागा सापडत नाही.

६. क्रिस्पर म्हणजे ते जीन एडिटिंगवालं ना? ते जंतूत काय करतंय?

उलटं विचारा: ते जंतूंचंच आहे, माणसाने उसनं घेतलं. जंतू पूर्वी येऊन गेलेल्या फेजच्या डीएनएचा तीसेक अक्षरांचा तुकडा कापून आपल्याच डीएनएत एका रांगेत खोचून ठेवतो. पोलीस ठाण्यात जुन्या चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तसं. पुन्हा तोच फेज आला की त्या तुकड्याची आरएनए प्रत घेऊन कॅस नावाची प्रथिनं गस्तीवर असतातच. जुळलं की कापलं. ही रांग पिलावळीलाही वारशाने मिळते.

ओसाका इथे १९८७ मध्ये ई. कोलायत ही रांग दिसली होती, पण कशासाठी आहे ते कुणाला उमगेना. २००५ च्या सुमारास लक्षात आलं की मधले तुकडे फेजच्या डीएनएशी जुळतात. २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं, तेही दह्याच्या जंतूंवर (प्रश्न ८). जीन एडिटिंगमध्ये गाजलेलं कॅस-नाइन हे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिसचं. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी ते हवं तिथे कापणारं हत्यार म्हणून वापरून दाखवलं, आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

'मग जंतू स्वतःच्या रांगेतला तुकडाच का नाही कापत?' हा प्रश्न एका नववीतल्या मुलाने विचारला, आणि मला तो फार आवडला. कॅस-नाइनला जुळणाऱ्या तुकड्याच्या शेजारी आणखी दोन-तीन अक्षरांची खूण लागते. फेजमध्ये ती असते, जंतूच्या रांगेत नसते.

७. मग सगळ्याच रोगजंतूंकडे क्रिस्पर असेल?

नाही. माहीत असलेल्या बॅक्टेरियांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडेच आहे. इतकं चांगलं हत्यार बाकीच्यांनी का ठेवलं नाही? कारण क्रिस्पर फेजसोबत प्लाझ्मिडलाही अडवतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी गोल कडी, आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं पुष्कळदा तिच्यावरूनच एका जंतूतून दुसऱ्यात जातात. एन्टेरोकोकस फीकॅलिस या जंतूच्या इस्पितळात फोफावणाऱ्या, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जातींत क्रिस्पर बहुधा नसतं असं २०१० मध्ये दिसून आलं. दार सताड उघडं ठेवलं म्हणून औषधांविरुद्धचा माल आत आला. फेजचा धोका पत्करून.

८. आमचं दही लागत नाही. फेजमुळे का?

घरी? शक्यता फार कमी. दूध जास्त गरम असताना विरजण घातलं असेल किंवा विरजणच जुनं आंबट असेल. मोठ्या डेअऱ्यांना मात्र फेज खरोखरच छळतो, कारण तिथे एकाच जातीचा जंतू हजारो लिटरच्या टाकीत रोज घालतात. एक फेज शिरला की सगळंच संपतं. म्हणूनच क्रिस्परचा प्रयोग दही-चीजचे जंतू पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला.

आमच्या कारखान्यात (नाव नको) दही नव्हतं, अँटिबायोटिक बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस होता. एका पहाटे टाकीतला दाट रस पाण्यासारखा पातळ झाला आणि ऑक्सिजनचा काटा वर चढला. म्हणजे श्वास घेणारं कुणी उरलंच नव्हतं. साहेबांनी आधी वाफेच्या व्हॉल्व्हवर खापर फोडलं, मग रात्रपाळीवर. फेज सापडायला आठवडा गेला. वाचलेल्या जंतूंतून फेजला न जुमानणारी जात निवडली, ती उत्तम तगली. फक्त औषध कमी बनवायची. किंमत.

९. जंतू आत्महत्या करतो असं तुम्ही म्हणालात. त्यात त्याचा काय फायदा?

त्याचा नाही, भावंडांचा. एका जागी वाढलेले जंतू एकमेकांच्या हुबेहूब प्रती असतात. लागण झालेला जंतू फेजची पिल्लं तयार व्हायच्या आत मेला, तर शेजारचे वाचतात, आणि त्यांच्यात जनुकं त्याचीच. रीती अनेक आहेत. काही जंतू स्वतःच्या आवरणाला भोकं पाडतात. काही पेशीतलं अत्यावश्यक इंधन संपवून टाकतात. काही विष आणि उतारा जोडीने बनवत राहतात. फेजने यंत्रणा ताब्यात घेतली की उतारा आधी संपतो, विष उरतं.

यातली भोकं पाडणारी काही प्रथिनं आपल्याही पेशींत आहेत. परका डीएनए दिसला की धोक्याची घंटा वाजवणारी आपली एक यंत्रणाही मुळात जंतूंकडून आलेली दिसते. गेल्या आठ-दहा वर्षांत इस्रायलमधल्या वाइझमान इन्स्टिट्यूटमध्ये रोटेम सोरेक यांच्या गटाने आणि इतरांनी अशा डझनावारी यंत्रणा शोधल्या. युक्ती साधी: जंतूंच्या डीएनएत संरक्षणाची जनुकं शेजारी शेजारी दाटीने राहतात, मग ओळखीच्या जनुकाच्या शेजारपाजारात अनोळखी कोण आहे ते बघा.

१०. कॉलऱ्याच्या जंतूची ती चोरावर मोर गोष्ट परत सांगाल का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि माझाही आवडता. बांगलादेशातल्या कॉलऱ्याच्या रुग्णांच्या विष्ठेत आयसीपी-वन नावाचा फेज वारंवार सापडतो. त्याच्याविरुद्ध कॉलऱ्याच्या जंतूने आपल्या डीएनएत एक तुकडा बाळगला आहे, त्याला पीएलई म्हणतात. फेज शिरला की हा तुकडा जागा होतो, स्वतःच्या प्रती काढतो, फेजचं कवच पळवून त्यात स्वतःच जाऊन बसतो, आणि जंतू लवकर फुटतो. बाहेर पडतो तो पीएलई. फेज एकही नाही. जंतू मेला, पण वस्ती वाचली.

आता पुढचा डाव. २०१३ मध्ये असं दिसलं की आयसीपी-वनच्या काही जातींकडे स्वतःचं क्रिस्पर आहे. हो, फेजकडे! जंतूचं हत्यार व्हायरसने उचललं आणि त्यात पीएलईचेच तुकडे फोटोसारखे लावले. पीएलई जागा झाला की फेजचं क्रिस्पर त्याला कापतं. मग जंतूंत नवे पीएलई येतात, फेजकडे नवे तुकडे येतात, आणि हा खेळ रुग्णांच्या पोटात चालू राहतो.

याला आपल्याकडचा एक धागा आहे. १९९२ मध्ये मद्रासला कॉलऱ्याची ओ-१३९ ही नवी जात सापडली. तिच्यात एसएक्सटी नावाचा डीएनएचा फिरता तुकडा होता, अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारी जनुकं घेऊन. २०२१ मध्ये कळलं की अशा तुकड्यांवर फेजविरोधी जनुकंही बसलेली असतात. म्हणजे जंतूने तो तुकडा फेजच्या भीतीने जपला असेल, तरी औषधांपासूनचं संरक्षण त्याच्याबरोबर आपोआप आलं, किंवा उलट.

११. गंगाजल खराब होत नाही ते फेजमुळेच ना? मग विश्वामित्रीचं पाणी?

१८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी लिहिलं की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात, उकळलेल्या पाण्यात मरत नाहीत. त्यामागे फेज असावेत असं पुढे पुष्कळांना वाटलं, आणि ते पटण्याजोगं आहे. पण जिथे सांडपाणी आणि जंतू जास्त तिथे त्यांचे फेजही जास्त. फेज सापडणं हे पाणी शुद्ध असल्याचं नव्हे, घाण असल्याचंच लक्षण म्हणता येईल. आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत तसे फेजही असणारच. दोघांच्याही भरवशावर ते पाणी पिऊ नका.

१२. फेज जंतूच्या उपयोगीही पडतो का?

पडतो, आणि आपल्याला महागात. काही फेज जंतूला लगेच मारत नाहीत, त्याच्या डीएनएत जाऊन घरजावई होतात. कॉलऱ्याचं विष बनवणारं जनुक मुळात अशाच एका फेजवरचं आहे, हे १९९६ मध्ये कळलं. घटसर्पाच्या विषाचंही तसंच, ते १९५१ मध्येच दिसलं होतं. घरजावई एकदा बसला की तो आपल्या जातीच्या दुसऱ्या फेजला सहसा आत येऊ देत नाही. म्हणजे तोही एक बंदोबस्तच.

पण घरजावई जागाही होतो. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायवर काही अँटिबायोटिकं दिली की त्यातला फेज उठतो आणि विषाचं प्रमाण वाढू शकतं. रक्ती जुलाबावर स्वतःच्या मनाने गोळी का घेऊ नये, त्याचं हे एक कारण.

१३. टीबीच्या जंतूला फेज लागतो का?

लागतो. डी-२९ नावाचा फेज प्रयोगशाळेत टीबीचा जंतू मारतो. अडचण अशी की शरीरात हा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींत लपून राहतो आणि तिथे फेज नीट पोचत नाही. हा त्याचा बंदोबस्त फेजसाठी नव्हताच, आपल्यासाठी होता, फेजला आयता अडथळा झाला. आणखी एक गंमत: टीबीच्या जातींची ओळख पटवायला १९९० च्या दशकापासून ज्या डीएनएच्या रांगेकडे पाहतात, ती क्रिस्परचीच रांग. ती फेजविरुद्धची स्मरणवही आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

१४. अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू फेजलाही जुमानत नाही, असं आहे का?

तसा नियम नाही. कधी दोन्ही एकाच तुकड्यावर येतात (प्रश्न १०). कधी अगदी उलटं. स्यूडोमोनास नावाच्या जंतूवरचा एक फेज जंतूच्या पंपाला चिकटतो, त्याच पंपाला, ज्याने जंतू अँटिबायोटिक बाहेर फेकतो. फेजपासून वाचायला जंतूने पंप बिघडवला की औषधं पुन्हा लागू पडतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. प्रश्न २ मध्ये 'काय देऊन' असं विचारलं होतं, त्याचं इतकं चोख उत्तर मला दुसरं माहीत नाही.

१५. मग माझ्या आईच्या युरीन इन्फेक्शनवर फेज का देत नाहीत?

जॉर्जिया देशात तिबिलिसीतल्या एलियावा इन्स्टिट्यूटमध्ये १९२३ पासून हे काम चालू आहे. २०१६ मध्ये सॅन दिएगोत एका प्राध्यापकांना ॲसिनेटोबॅक्टर या जंतूने नेलेल्या मरणाच्या दारातून फेजने परत आणलं. पण तिथेही पहिल्या मिश्रणाला जंतूने थोड्याच दिवसांत दाद देणं सोडलं, आणि नवा फेज शोधून घालावा लागला. एक फेज बहुधा एका जातीच्या थोड्याच जंतूंवर चालतो, म्हणून आधी रुग्णाचा जंतू वाढवून त्याच्यावर चालणारा फेज शोधावा लागतो. आपल्याकडे हा नेहमीचा उपचार नाही. आईचा युरीन कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा. ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्या घेऊ नका.

१६. मावशी, एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे. फेज टाकला तर थेंबाच्या जागी प्लेट साफ होते, पण डायल्यूट केल्यावर एकही प्लाक दिसत नाही. जंतू रेझिस्टंट म्हणू की सेन्सिटिव्ह?

घाईने काहीच म्हणू नको. एका जंतूवर एकदम ढीगभर फेज चिकटले तर नुसत्या आवरणाला पडलेल्या भोकांनीच तो मरतो, फेजची वाढ न होता. किंवा प्रश्न ९ मधला प्रकार असेल: जंतू मरतात, पण पिल्लं निघत नाहीत. दोन्ही वेळा थेंब साफ दिसतो, प्लाक (एकेका फेजच्या पिलावळीने जंतूंच्या थरात पाडलेला साफ ठिपका) येत नाही. दहापट-दहापट डायल्यूशन कर, ज्या जातीवर फेज नक्की वाढतो तीही शेजारी लाव, आणि दोन्हींवरचे प्लाक मोजून गुणोत्तर काढ. एकदा ३० अंशांवर, एकदा ३७ वर ठेवून बघ, कारण काही जंतू फेजला लागणारा रेणू एकाच तापमानाला नीट बनवतात. आणि तुझ्या जंतूत आधीच घरजावई बसला आहे का, ते तपासायला मायटोमायसिन (घरजावयाला जागं करणारं विषारी रसायन) वापरणार असशील तर हातमोजे घालून. आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.